सुपातली लेक

हेमंतनं दाराला पितळी कुळपट्टी ठोकली, त्या दिवशी त्याच्या आईनं, मंदाकिनीनं, तिला हळदकुंकू लावलं होतं. साताऱ्यात तेव्हा घरोघरी तीच टूम होती. 'कुलवेध' नावाची कंपनी गालाच्या आतून कापूस फिरवून न्यायची आणि आठ दिवसांत सांगायची, की तुमचं आडनाव कुठल्या गावच्या वेशीतून निघालं, कुठल्या नदीच्या काठाकाठानं चालत आलं, कुणाच्या पागेत किती पिढ्या राहिलं. बाप ते लेक, लेक ते नातू असा एकच धागा असतो म्हणे, आणि यंत्र तो धागा चारशे वर्षं मागं ओढत नेतं. लग्नाच्या बैठकीत पत्रिका मागं पडली होती. आता पाहुणे चपला काढता काढता दाराकडं मान वर करून बघायचे, आणि पट्टी वाचून झाली की मगच पोह्यांना हात लावायचे.

पिसाळांची पट्टी चांगली चौदा पिढ्यांची होती. त्या चौदा नावांत एकही बाई नव्हती. मंदाकिनीला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट मनातल्या मनात तिनं सुटकेचा श्वास सोडला होता, की बरं झालं, हे यंत्र बायकांच्या वाटेला जात नाही.

आणि तीन वर्षांनी ते बायकांच्याच वाटेला आलं.

तिच्या लेकीची, रेवतीची पोर शाल्मली. दहा वर्षांची. पावसाळ्याच्या तोंडावर जिना चढताना बसू लागली, मग सपाटीवरही. दिवाळीत तिनं विचारलं, "आजी, यंदा आकाशकंदील असा फिकट का आणलाय?" कंदील लालभडक होता.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर तांबोळीबाईंनी तिघींना समोर बसवलं. मंदाकिनी, रेवती आणि व्हीलचेअरमधली शाल्मली. बाई समजावून सांगणाऱ्यातल्या होत्या.

"आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात," त्या म्हणाल्या. "शेकड्यांनी. त्या पेटत्या असतात म्हणून आपण चालतो, बघतो, आपलं काळीज धडधडतं. आणि गंमत अशी, की या चुली बापाकडून येत नाहीत. फक्त आईकडून. आई लेकीला देते, लेक तिच्या लेकीला. शेजारणीनं विस्तव मागून न्यावा तसं."

"मग माझ्याकडूनच आलं," रेवती म्हणाली.

"तुमच्याकडून, तुमच्या आईंकडून, त्यांच्या आईकडून. तुमच्या पणजीच्या आजीपासूनचा विस्तव चांगलाच होता. तुमच्या आजीच्या जन्माच्या वेळी त्यातल्या काही चुली बिघडल्या. का, ते कुणी सांगू शकत नाही. ज्वारीच्या पोत्यात काणी लागलेले चार काळे दाणे असावेत तसं. आई लेकीला त्या पोत्यातून एक मूठ बी देते. एखाद्या मुठीत काळा दाणा येतच नाही. एखाद्या मुठीत..." त्या शाल्मलीकडं बघून हसल्या. "या बाईसाहेबांच्या मुठीत जास्त आले."

"माझा पत्त्यांतही हात असाच येतो," शाल्मली म्हणाली.

उपाय होता. चार वर्षांपूर्वी निघालेला. निरोगी माणसाच्या रक्तातल्या चुली वेगळ्या काढायच्या आणि आजाऱ्याच्या स्नायूंत, काळजात, डोळ्यांमागच्या नसांत रुजवायच्या. पण परक्या घरचा विस्तव टिकत नाही. पेशीचा कारभार आणि चुलीचा जाळ यांचं पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं असतं. दुसऱ्या वंशाच्या चुली महिना-दोन महिन्यांत विझतात आणि जाताना असलेल्याही घेऊन जातात. म्हणून विस्तव त्याच वंशाचा हवा. आईच्या वंशाचा. पण बिघाड होण्याआधी वेगळी झालेली शाखा हवी.

"म्हणजे चिंधाआजीची बहीण नाहीतर मावशी, तिच्या लेकी-नाती," रेवती भराभरा बोलली. "चिंधाआजीची आई यमुना. वाठोलीच्या इंगवल्यांची. यमुनापणजीला बहीण होती ना गं आई? कराडला दिलेली?"

मंदाकिनीच्या हातात पर्स होती. तिनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"होती," ती म्हणाली.

ते खरंच होतं. यमुनेला बहीण होती. खोटं काहीच बोलली नव्हती ती.

*

गावातल्या गावात, वाठोलीतच दिलेली चिंधाबाई गेली त्याला तेवीस वर्षं झाली होती. जाण्याआधी चार दिवस तिनं मंदाकिनीला जवळ बोलावून घेतलं होतं आणि लेकीच्या मनगटाला धरून, मोजके शब्द बोलावेत तशी बोलली होती.

यमुनेची तीन बाळं पाळण्यातच गेली होती. चौथी मुलगी झाली तेव्हा चालरीतीप्रमाणं तिला विकायचं ठरलं. पोर चिंध्यांत गुंडाळून सुपात घालायची, सूप उकिरड्यावर ठेवायचं, सुईणीनं ते उचलायचं आणि मूठभर कोंडा टाकून म्हणायचं, ही माझी. बारा दिवस पोर सुईणीच्या घरी. म्हणजे सटवाईला वाटतं, या घरात आता घेण्यासारखं काही उरलं नाही. बाराव्या दिवशी आईनं पायलीभर ज्वारी देऊन ती परत विकत आणायची, नाक टोचायचं, आणि नाव ठेवायचं चिंधी. सगळ्या गावात असंच चालायचं.

सुईण होती सोनाई, खालच्या वस्तीतली. ती स्वतः आठ दिवसांची बाळंतीण होती. तिच्याही कुशीत लेकच होती.

"पाचवीच्या पहाटे इंगवल्यांची पोर सोनाईच्या मांडीवर गेली," चिंधाबाई म्हणाली होती. "माझा बाप म्हणालेला, ही चौथीपण गेली तर यमुनेला माहेरी घालवतो, दुसरी करतो. आणि सोनाईच्या घरात पोर मेली म्हटल्यावर गावानं वस्तीचं काय केलं असतं ते तूच समज. बाराव्या दिवशी तिनं सुपात घालून आपली पोर दिली. मायेनं दिली का भ्यानं, कुणाला ठाऊक. तुझ्या जन्माच्या वेळी आली होती, तेव्हा माझ्या कानात सांगून गेली. तोवर पंचवीस वर्षं मी तिला वरून पाणी वाढत होते, मंदा. माझ्या आईला."

मग जात्यावर कायम म्हणायची ती ओवी ती पुटपुटली. लहानपणापासून ऐकलेल्या त्या ओवीचा अर्थ मंदाकिनीला त्या दिवशी कळला.

*सुपातल्या लेकीला, मोल मूठभर कोंडा*
*एका माउलीचं दूध, दुजीच्या टोपऱ्याचा गोंडा*

"हे तुझ्यापाशी ठेव. तुझ्या पोरांची लग्नं व्हायचीत. सूप पालथं घाल आणि विसर," चिंधाबाई म्हणाली, आणि लेकीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून तिनं शपथ घातली.

मंदाकिनीनं सूप पालथं घातलं. रेवतीचं लग्न झालं, हेमंतचं झालं. आता हेमंतच्या लेकीचं, सईचं जमलं होतं. फलटणचं घर. पट्टी बघूनच आले होते.

*

यमुनेच्या कराडच्या बहिणीची नात शोधायला, तिचं मन वळवायला, दिल्लीच्या प्रयोगशाळेत नमुना जाऊन यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मंदाकिनी रोज देवापुढं बसून एकच मागत होती, की आईला शेवटी शेवटी भ्रम झाला होता असं निघू दे. मरणाच्या दारातली बाई काहीही बोलते. सोनाई तरी खरं बोलली कशावरून? देवा, ते खोटं असू दे. एवढं एकच खोटं असू दे.

शाल्मलीच्या नजरेला आधी कडा गेल्या. पुस्तक वाचताना ती मान कोंबडीसारखी तिरपी करायची. मग अक्षरं गेली. मग एका सकाळी मंदाकिनी तिला पेज भरवत असताना ती म्हणाली, "आजी, तू आज पांढरं लुगडं नेसलीस?"

मंदाकिनी मोरपंखी नेसली होती. "हो गं," ती म्हणाली.

अहवाल गुरुवारी आला. कराडच्या बाईंचा आणि शाल्मलीचा मातृवंश एक नाही. जवळपासही नाही. कितीही मागं गेलं तरी हजारो वर्षं भेट नाही.

"असं कसं होईल?" रेवती कागद उलटसुलट करत होती. "सख्ख्या बहिणी होत्या. आई, सख्ख्या ना? का सावत्र? अगं, तू काहीतरी ऐकलं असशील. आठव ना. यंत्राच्या यादीत आपल्या वंशाचं एकही माणूस नाही. लोकांनी आडनावं तपासली, आयांना कुणी विचारलंच नाही. मी आता कुठं शोधू? गावोगाव फिरू का कापूस घेऊन?"

ती खाली बसली. रडत नव्हती. फरशीवर बोटानं रेघ ओढत होती, तीच तीच रेघ.

मंदाकिनीनं तेव्हा सांगितलं. सुपापासून सगळं.

"तुला पहिल्या दिवशी माहीत होतं," रेवती म्हणाली.

"मला वाटलं होतं, खोटं निघेल."

"किती दिवस झाले त्याला?"

"रेवती..."

"किती?"

"अडतीस."

रेवतीनं मान हलवली, दुकानदारानं भाव सांगावा आणि गिऱ्हाईकानं तो ऐकून घ्यावा तशी. मग उठून ती पोरीच्या खोलीत गेली. दार लावताना तिनं कडीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. तिनं आदळआपट केली असती तर मंदाकिनीला सोसलं असतं.

*

उपचाराचा कायदा कडक होता. मधे लोकांनी खोटी नाती दाखवून गरिबांचं रक्त उपसलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांनी नातं जाहीर केल्याशिवाय विस्तव देता येत नसे. त्या वंशातल्या हयात असलेल्या थोरल्या बाईनं नोंदणी कार्यालयात शपथेवर वंश सांगायचा; तो दोन्ही गावांच्या फलकांवर एकवीस दिवस झळकायचा. आजारी माणसासाठी उपचार लगेच सुरू करता येत, पण फलक चुकत नव्हता.

हेमंतचा फोन आला. रेवतीनं त्याला कळवलं होतं.

"आई, मी नको म्हणत नाही. शाल्मली मला परकी आहे का? पण बारा दिवसांवर लग्न आलंय. बारा दिवस थांब फक्त. सई एकदा त्या घरात गेली की तुला काय सांगायचं ते सांग."

"पोरीचे डोळे चाललेत, हेमंत."

"गेलेत, आई. डॉक्टरच म्हणाल्या ना, गेलेले परत येत नाहीत. मग बारा दिवसांनी काय फरक पडतो?"

"काळीज राहिलंय अजून."

"आणि सोनाईच्या घरच्यांनी नाही म्हटलं तर?" तो म्हणाला. "तुझं गुपितही जाईल, सईचं लग्नही मोडेल आणि हाती काहीच लागणार नाही. आज्जीनं तुला शपथ घातली होती. तिला तरी काही कळत असेल ना?"

मंदाकिनीनं फोन ठेवला. आईनं आपल्या गळ्यावर तिचा हात ठेवून घातलेली शपथ तिला तळव्याला जाणवत होती, इतक्या वर्षांनीही ऊन. तिनं तळवा पदराला पुसला आणि वाठोलीची गाडी धरली.

*

सोनाईला थोरली लेक होती, गिरजा. गिरजेची लेक विमल. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होती, आता निवृत्त होऊन वाठोलीत राहत होती. अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मंदाकिनीला फाटकाशी बघून ती उठली नाही.

"या," ती म्हणाली. "पुढं सरका, दारात उभं राहू नका. सवय आहे तोंडाला."

मंदाकिनी ओट्यावर बसली. काय बोलायचं ते तिनं गाडीत तीनदा जुळवलं होतं.

"माझ्या गाडीतनं कितीदा गेलाय तुम्ही," विमल म्हणाली. "सातारा-वाठोली, सकाळची. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. तेवीस वर्षांमागं आई वारली तुमची, तेव्हा पांढऱ्या पातळात होता. मी तिकीट दिलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, हिला कळलंय वाटतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. लपवायचं तुमच्याकडं होतं, आमच्याकडं काय होतं लपवायला? चहा टाकते. प्याल ना?"

प्रश्न साधाच विचारला होता तिनं, पण शेंगा सोलणारे हात थांबले होते.

"पिते," मंदाकिनी म्हणाली.

चहा आला. मंदाकिनी प्याली. विमल बघत होती, कपाकडं नाही, तिच्या उजव्या डोळ्याच्या जड पापणीकडं. ती पापणी मंदाकिनीची तिशीपासूनच मिटायला बघायची. तिला वाटायचं, थकव्यानं असेल.

मग मंदाकिनीनं सांगितलं. चुली, काणीचे दाणे, शाल्मली, फलक. अडतीस दिवसही सांगितले. ते वगळता आले असते.

विमलनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"माझी आजी दर अक्षय तृतीयेला तुमच्या मागच्या दारी जाऊन बसायची," ती म्हणाली. "सणाचं वाढण मागायच्या निमित्तानं. चिंधाबाई वरून पाणी वाढायची आणि आजी ओंजळीनं प्यायची. घरी येऊन म्हणायची, आज लेकीच्या हातचं पाणी प्याले. माझी आई चिडायची. म्हणायची, आये, तुला लाज नाही का? तर आजी जात्यापाशी जाऊन बसायची."

आणि ती न गाता, तिकिटाचे टप्पे सांगावेत तशी सपाट आवाजात म्हणाली,

"*वरल्या आळीला जळतो, माझ्या चुलीचा गं दिवा, लांबून बघते बाई, लागू नये त्याला हवा.*"

मंदाकिनीनं नुसता रिकामा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"मला तुम्ही हाकलून दिलंत तरी मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली.

"हाकलायचं असतं तर चहाच्या आधी हाकललं असतं. साखर महाग आहे." विमल उठली. "पण एक सांगते. कार्यालयात तुम्ही 'दूरचं नातं' म्हणाल, 'जुनी ओळख' म्हणाल, तर मी तिथनं उठून येईन. पोरीचं काय होईल ते होईल, त्याचं पाप तुमच्या माथी. आजीचं नाव घ्यायचं. तिचं काम काय होतं ते सांगायचं. वस्ती कुठली ते सांगायचं. आणि मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

*

कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं, "तुमचं नाव?"

"मंदाकिनी पिसाळ."

"आईचं?"

"चिंधाबाई."

"तिच्या आईचं?"

मागच्या बाकावर हेमंत बसला होता. अडवायला आला होता का सोबत द्यायला, ते त्यालाही माहीत नसावं. गुडघ्यांवर हात ठेवून तो जमिनीकडं बघत होता. त्याच्या खिशातला फोन एकसारखा थरथरत होता आणि तो काढत नव्हता.

"सोनाई," मंदाकिनी म्हणाली. "वाठोलीच्या खालच्या वस्तीतली. सुईण होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर आली. माझी आई तिच्या पोटची. मीही तिच्याच हातांवर जन्मले."

कारकून टिपत होता. त्याला हे रोजचंच होतं. विमलनं शेजारून अंगठा यंत्रावर टेकवला.

फलटणच्या घरचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. सईनं आजीला फोन केला नाही. तिच्या आईनं केला आणि काही न बोलता ठेवून दिला.

*

विमलच्या दंडातून रक्त निघालं, यंत्रातून फिरलं, आणि तीन तासांनी एका करंगळीएवढ्या कुपीत पिवळसर पाणी उरलं. त्यात तिच्या आजीच्या, आजीच्या आजीच्या चुली होत्या. डॉक्टर तांबोळी कुपी धरून उभ्या होत्या.

"काळजापासून सुरू करू," त्या म्हणाल्या. "मग पाय. महिनाभरात कळेल धरतंय का."

"आणि डोळे?" रेवतीनं विचारलं.

"पहिल्यांदा आलात तेव्हा नस जिवंत होती," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की या घरात या वाक्याचा अर्थ काही वेगळाच आहे. "आता तिथं पेरायला जमीन उरलेली नाही."

रेवतीनं आईकडं बघितलं नाही. त्या दिवसापासून तिनं बघणं सोडलंच होतं. औषधं, वेळा, डबा एवढंच बोलायची.

शाल्मली पलंगावर उशीला टेकून बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं हात पुढं केला. विमल जवळ होती, दंडाला पट्टी बांधलेली. तिनं वाकून तो हात धरला. पोरीची बोटं तिच्या मनगटावरून वर गेली, हनुवटीवर, गालावर, मग डोळ्यांवर. उजव्या पापणीवर ती थांबली. विमलची पापणी ताठ होती, पण भुवईचं हाड, नाकाचं टोक, कानाची लांबट पाळी एकेक करून बोटांनी ओळखली.

"आजी," ती हसली. "तू कधी आलीस? इतका वेळ बोलली का नाहीस?"

विमलनं मान वळवून मंदाकिनीकडं बघितलं. रेवतीनंही, पहिल्यांदाच. दारात हेमंत फळांची पिशवी घेऊन उभा होता आणि आत यावं की नाही या विचारात होता. उत्तर सगळ्यांनी मंदाकिनीसाठीच ठेवलेलं होतं.

मंदाकिनी दोन पावलं पुढं आली.

"मी इकडं आहे, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या हातात आहे ती विमल. माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीची लेक."

शाल्मलीची बोटं त्या चेहऱ्यावर तशीच राहिली. "मग ही इतके दिवस कुठं होती?"

"होती तिथंच होती," मंदाकिनी म्हणाली. "मी तिला हाक मारली नव्हती."